पुढून पहिली

थोरलीनं तिसरा कनेक्टिंग रॉड काट्यावर ठेवला, आकडा पाहिला आणि रॉड उचलून खोक्यात परत टाकला.

"हा बदलून आणा."

डॉक्टर दचकले. ते दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांना आ करायला लावायचं आणि सुट्टीच्या दिवशी आपली गाडी शर्यतीत पळताना बघायची, हा त्यांचा नाद. गाडी त्यांची, इंजिन बांधणार थोरली आणि तिचे बाबा, असं गेली सहा वर्षं चालत आलेलं.

"दोनच ग्रॅम तर जास्त आहे," ते म्हणाले.

"तुमच्या खुर्चीत दोन ग्रॅम चालत असतील. मिनिटाला आठ हजार फेऱ्या घेताना त्याच दोन ग्रॅमचा सहा किलोचा धोंडा होतो. गेल्या वेळी काय झालं, विसरलात?"

डॉक्टर विसरले नव्हते. तीन महिन्यांपूर्वी शेवटच्या फेरीत चौथा रॉड तुटला आणि इंजिनाला भगदाड पाडून बाहेर आला. गाडी चालवत होता धाकटा, थोरलीचा सख्खा भाऊ. इंजिन खोलल्यावर थोरलीनं डॉक्टरांसमोर सांगून टाकलं होतं, "इंजिनात काही खोट नव्हती. यानं घाईत गिअर चुकवला. वर जायचं सोडून खाली घातला. असं पिळल्यावर कुठलं इंजिन जगेल?"

"मी गिअर चुकवला नाही," धाकटा एकदाच म्हणाला होता. त्यानंतर त्यानं तोंडातून ब्र काढला नाही. डॉक्टरांनी दुसरा ड्रायव्हर बघितला. नऊ वर्षं शर्यतीत काढलेला माणूस आता ब्रेडची व्हॅन चालवत होता.

याच गोष्टीनं थोरलीची तळपायाची आग मस्तकात जायची. भांडला असता, आरडाओरडा केला असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण हा असा मूग गिळून बसला, म्हणजे चूक कबूलच की! वर कबूल केली असं तोंडानं म्हणायचंही नाही. तिनं त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं आणि तिचा सगळा राग बाकीच्यांच्या वाट्याला येत होता. पिस्टन विकणाऱ्याला तिनं फोनवर इतकं झापलं होतं, की त्यानं दोन दिवसांत नवा संच स्वतः आणून दिला.

दारात सावली पडली. धाकटा आला होता.

"हेल्मेट राहिलंय माझं," तो कुणाकडेच न बघता म्हणाला.

"कपाटात आहे," थोरली म्हणाली, तीही काट्याला सांगितल्यासारखी.

तो हेल्मेट घेऊन आला आणि नव्या क्रँकशाफ्टपाशी थांबला. लांबच लांब लोखंडी दांडा दोन आधारांवर आडवा ठेवलेला होता. बाबा त्याच्या एका टोकाशी खुर्ची टाकून बसले होते आणि फडक्यानं जाडी मोजायचा मायक्रोमीटर पुसत होते.

"बाबा, इकडे बसा ना या बाजूला," धाकटा म्हणाला. "इकडे उजेड बरा आहे." त्यानं खुर्चीच्या पाठीला हातही घातला.

"नको रे. तिथं उन्हाची तिरीप येते डोळ्यांवर. मोतीबिंदू काढल्यापासून सहन होत नाही. मी इथंच बसतो हल्ली."

"मी पडदा लावून देतो."

"तुला काय करायचंय?" थोरली कडाडली. "हेल्मेट मिळालं ना? मग निघ. आम्हाला कामं आहेत. आम्ही काही शर्यतीत गिअर शोधत बसत नाही."

धाकट्यानं खुर्चीवरचा हात काढला. हेल्मेटचा पट्टा मनगटाला गुंडाळला आणि तो गेला. डॉक्टर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले.

"फार टाकून बोलतेस," बाबा हळूच म्हणाले.

"तुम्ही मापं सांगा."

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. क्रँकशाफ्टवरच्या ज्या चार गोल पिनांवर रॉड फिरतात, त्या बाबा एकेक करून मोजायचे आणि मोठ्यानं आकडा सांगायचे. थोरली वहीत लिहायची आणि त्यावरून प्रत्येक पिनेचं बेअरिंग, म्हणजे पिन आणि रॉड यांच्यामधली पातळ वाटी, निवडायची. पिन जराशी बारीक, तर बेअरिंग जाड. पिन जाड, तर बेअरिंग पातळ. मध्ये तेलापुरती फट राहिली पाहिजे, केसाहूनही कमी. ती राहिली नाही तर लोखंडावर लोखंड घासतं, आणि मग कुणाचंच काही चालत नाही. बाबांच्या हाताला पस्तीस वर्षांची सवय होती. त्यांनी सांगितलेला आकडा थोरलीनं कधी दुसऱ्यांदा मोजला नव्हता.

"एक. अठ्ठेचाळीस मिलिमीटरला दोन शतांश कमी," बाबा म्हणाले. "दोन. एक शतांश कमी. तीन. अर्धा. चार. बरोबर अठ्ठेचाळीस."

डॉक्टर खोक्यातली चिठ्ठी हातात घेऊन पुढे आले. कारखान्यानं प्रत्येक पिनेचं माप तिच्यावर छापून पाठवलं होतं.

"ताई, यात उलटं आहे. पहिली बरोबर अठ्ठेचाळीस आणि चौथी दोन शतांश कमी."

"बघू." तिनं चिठ्ठी हिसकावलीच. आकडे तेच, पण शेवटापासून सुरुवातीकडे. "काय माणसं आहेत! एवढं महाग सामान, आणि चिठ्ठी लिहायला गाढवं बसवलीत. आत्ता फोन लावते. चांगली—"

ती थांबली. बाबांचा अंगठा अजून मायक्रोमीटरवर होता आणि ते तिच्याकडे बघत होते.

"बाबा, तुम्ही एक नंबर कुठून धरलात?"

"पुढून. नेहमीसारखा."

"पुढून म्हणजे?"

"पुढून म्हणजे पुढून," बाबा वैतागले. त्यांनी समोरच्या पिनेवर टिचकी मारली. "ही काय, पहिली."

ती त्यांच्या पुढ्यात पहिली होती खरी. पण इंजिनाचं पुढचं टोक पलीकडे होतं, जिथं पट्टा बसतो तिथं. बाबा बसले होते फ्लायव्हीलच्या टोकाशी, म्हणजे मागे.

"मोतीबिंदू कधी काढला आपण?" तिनं विचारलं.

"झालं की वर्ष. का गं?"

जुना क्रँकशाफ्ट बाकड्याखाली प्लॅस्टिकच्या कागदात पडून होता. तुटलंय ते दिसतंय, त्यात मोजायचं काय, असं म्हणून तिनंच तो तिकडे सारला होता. आता तिनं तो ओढून बाहेर काढला. चौथ्या पिनेचा चेंदामेंदा झाला होता, पण पहिली धड होती. तिनं स्वतः माप घेतलं, मग वही मागे उलटून जुनं पान काढलं. पहिलीपुढे लिहिलेला आकडा हा नव्हता. हा चौथीपुढे होता. मग तिनं दुसरी आणि तिसरीही मोजली. दुसरीचा आकडा तिसरीपुढे, तिसरीचा दुसरीपुढे. म्हणजे चौथ्या, सगळ्यांत जाड पिनेला तिनं सगळ्यांत जाड बेअरिंग घातलं होतं, स्वतःच्या हातानं.

"आलेच," म्हणत ती मागच्या अंगणात गेली. तिनं धाकट्याला फोन लावला.

"बोल," धाकटा म्हणाला. मागे रस्त्याचा आवाज होता.

"तू गिअर चुकवला नव्हतास."

पलीकडे व्हॅनचं इंजिन बंद झाल्याचं ऐकू आलं.

"ऐकतोयस ना? मापं उलटी झाली होती. बाबा—"

"ते आहेत का तिथं?"

"आत आहेत. मी अंगणात आलेय."

"मग त्यांना सांगू नकोस, ताई."

थोरलीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि तीन महिन्यांचा सगळा राग एकदम उसळून आला.

"तुला माहीत होतं?"

"तुटलेलं साफ करताना लक्षात आलं. ते बसतात कुठं ते मी बघितलं होतं."

"आणि गप्प बसलास? मूर्खा, मला तरी सांगायचंस! मी जगासमोर तुझ्यावर खापर फोडलं, आणि तू ऐकून घेतलंस?"

"सांगणार होतो," धाकटा म्हणाला. "तू आधी बोललीस. डॉक्टरांच्या समोर. मग कसं सांगणार? बाबांचं नाव घेऊन?"

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. शब्दही तोंडाशी होते, पण त्यातला एकही त्याला लागू पडत नव्हता. सगळे तिचे तिलाच होते. तिनं फोन ठेवला, तोंडावर पाणी मारलं आणि आत आली.

"डॉक्टर, मागचं इंजिन माझ्यामुळे गेलं," ती म्हणाली. आवाज चढलाच होता, जणू डॉक्टरांनीच काही केलं होतं. "आकडे मी उलटे लिहिले. बेअरिंगं चुकीची बसली. त्यानं काही केलं नव्हतं. गाडीवर त्याला परत घ्या. आणि इंजिन दुसऱ्याकडे न्यायचं असेल तर न्या, मी एक शब्द बोलणार नाही."

डॉक्टरांनी चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उलगडली. "ताई, तुम्ही आकडे उलटे लिहिले?"

"हो. मीच लिहिले."

बाबा बाकड्याजवळ आले होते. उघड्या पडलेल्या जुन्या क्रँकशाफ्टच्या पहिल्या पिनेवरून त्यांनी बोट फिरवलं, वहीतलं पान बघितलं, मग नव्या क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीनं बघितलं. त्यांनी घाई केली नाही. मग मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला आणि झाकण लावलं.

"त्याला फोन लाव," ते म्हणाले.

"आत्ताच बोलले मी त्याच्याशी."

"मी नाही बोललो अजून."