एकाच आत्याचे दोन भाचे

अपेक्षा तायडे अकोल्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत. म्हणजे विद्वत्ता कायमची आणि नोकरी मार्चपर्यंतची. विद्यार्थ्यांना संदर्भाचा आधार देऊन लिहिता यावे म्हणून त्यांनी ऑनलाइन चर्चाफलक उघडला होता. एकाने परिच्छेद टाकून तो कुठून घेतला ते सांगायचे, दुसऱ्याने मूळ पान शोधून ताडून पाहायचे. एकदा टाकलेले कोणीही, बाईंनीही, पुसायचे नाही.

तपासणी समिती येणार असे कळताच प्राचार्य किसनरावांना या फलकाचा उमाळा आला. मूर्तिजापूरच्या जुन्या 'शकुंतला' या छोट्या रेल्वेवरची स्वतःची पुस्तिका त्यांनी वर्गाला नेमून दिली. "पोरांना दर्जेदार संदर्भ मिळू द्या, मॅडम. तुमच्या पुढच्या वर्षाच्या नेमणूकपत्रावर मी उद्या सही करतोच आहे."

नितेशने पुस्तिकेतला सर्वांत हृद्य परिच्छेद टाकला: 'माझी आत्या मैनाबाई याच गाडीने मूर्तिजापूरहून सासरी गेली आणि पितळी कळशी डब्यातच विसरली.' ताडून पाहण्याची पाळी पिंकीची होती. दुपारी तिचे उत्तर आले.

"मैनाबाई आमच्या आबाची आत्या हाये. आबानं हे कॉलेजच्या जुन्या वार्षिक अंकात लिवलं होतं. अंक ग्रंथालयात हाये."

"मंग सर तुया आबाचे भाऊ का?" नितेशने विचारले.

"आबा इथं शिपाई होते. भाऊ असते तं सरांनी त्याईले कधीतरी खुर्ची देली असती."

बाई ग्रंथालयात गेल्या. पिंकीच्या आबांचा, डोमाजींचा लेख निघाला. परिच्छेद उचलताना माणूस निदान नातेवाईक तरी मागे ठेवतो; किसनरावांनी आत्याही सोडली नव्हती, कळशीही.

तेवढ्यात त्यांचाच फोन आला. "मॅडम, ते काढून टाका."

"फलकावरचं पुसत नाही, सर. उत्तर जोडता येतं. तुम्हीही जोडा."

"सही उद्या आहे, लक्षात आहे ना?"

"आहे, सर."

फोन ठेवून बाईंनी पिंकीच्या नोंदीखाली, वर्षभर प्रत्येकाला लिहीत आल्या होत्या तेच लिहिले: 'वर्ष आणि पान क्रमांक राहिला.' पाच मिनिटांत पिंकीने दोन्ही दिले.

दुसऱ्या दिवशी सहीचे पत्र आले नाही. समिती मात्र आली. तिने फलक उघडला आणि पिंकीने सांगितलेला अंक मागवला.