सात नंबरची विहीर

पाणी-तपासणीच्या कार्यालयात बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वीस वर्षांपूर्वी त्यांनी लिहिलेली संगणकाची स्क्रिप्ट नमुन्यांच्या फाइलमधून दूषित नोंदी निवडी आणि विहीरवार मोजून यादी देई. महिन्यात तीनदा दूषित ठरलेली विहीर बंद, हा नियम.

गेल्या आठवड्यातल्या बैठकीत नमुने गोळा करणारीने विचारले होते, सात नंबरचे पाणी पाच वेळा वाईट निघाले, तरी तिचे नाव यादीत कसे नाही? बाईंनी मानही वर केली नव्हती. "पाचपर्यंत मोजायला एका हाताची बोटं पुरतात. तेवढी तरी येतात ना तुला?" सगळे हसले. ती खाली बसली.

आज त्याच कार्यालयात नोकरी करणाऱ्या सुनेने बाईंसमोर फाइल उघडून ठेवली. स्क्रिप्टमधली मोजणारी आज्ञा लागोपाठच्या सारख्या ओळींचाच गट करते. त्याआधी फाइल क्रमाने लावावी लागते. जुना कारकून नोंदी विहीरवारच लिहून देई, म्हणून बाईंनी ती पायरी गाळली होती आणि वर ऐटीत टीपही लिहिली होती : 'क्रम लावण्याची गरज नाही.' या महिन्यापासून नोंदी मोबाइलवरून, जशा घडतील तशा येत होत्या. सात नंबरच्या पाच नोंदींचे तीन तुकडे झाले होते : दोन, एक, दोन. तीनपर्यंत एकही पोहोचला नव्हता.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती. चूक स्क्रिप्टची, हसे नमुनेवालीचे. आणि आठवडाभर लोक ते पाणी पीत होते.

कार्यालयात चुकूनही 'आई' न म्हणणारी सून हळूच म्हणाली, "आई, क्रम लावणारा एक शब्द घातला की झालं. कुणाला कळायचंही नाही."

"मला कळलंय ना," बाई म्हणाल्या. त्यांनी आधी फोन करून विहीर बंद करवली, मग बाटल्या धुण्याच्या खोलीत नमुनेवालीकडे गेल्या. चूक माझी होती, एवढे सांगतानाही त्यांची नजर नळावरून हलेना.

नमुनेवालीने हातातली बाटली विसळून पालथी घातली. "बाई, हसले ते सगळे बैठकीच्या खोलीत होते. इथे तर मी एकटीच आहे."

दुपारी बाईंनी सर्वांना बैठकीच्या खोलीत बोलावले आणि उभे राहून पाचही तारखा वाचल्या, एकेक बोट मिटत. पाचव्या तारखेला मूठ झाली. ती कुठे ठेवावी हे त्यांना कळेना. या वेळी कुणीही हसले नाही. हसले असते तर बरे, असे त्यांना वाटले.