विचारून घेतलेला घास

जुवेरियानं चमचा खाली ठेवला आणि जिभेवरचा तुकडा बोटानं काढून ताटलीच्या कडेला लावला. नखाएवढा, गुलाबी, एका बाजूला पांढरी चरबी.

"अब्बा, हे काय हाय?"

खय्युमनं स्वतःच्या वाटीत पाहिलं. तळाशी तसेच तीन-चार तुकडे होते. सूप डाळीचं होतं म्हणून त्यानं घेतलं होतं. रांगेत उभं असतानाच जुवेरियानं विचारलं होतं, "हे आपल्याला चालतंय का?" मागं तीसेक माणसं रिकाम्या ताटल्या घेऊन उभी होती, म्हणून तो घाईनं म्हणाला होता, "हाव, चालतंय. डाळ हाय."

त्याची बायको रिजवाना उठली. धाकट्या मिस्बाहला कडेवर घेऊन ती ताटल्या उचलणाऱ्या पोरीपाशी गेली आणि तिला तो तुकडा दाखवला. पोरगी काहीतरी म्हणाली. रिजवानाला समजलं नाही असं पाहून तिनं हसत स्वतःच्या नाकाचा शेंडा बोटानं वर दाबला आणि डुकरासारखा आवाज काढला. लेकरं हसतील असं तिला वाटलं असावं. कोणी हसलं नाही.

जुवेरिया उठून तोंड धुवायला गेली. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

ही इटलीतल्या समुद्रकाठच्या एका लहान गावातली गोष्ट. लहान मुलामुलींच्या बुद्धिबळ स्पर्धेला चाळीसेक देशांतून लेकरं आली होती. त्यांत आठ वर्षांखालच्या मुलींच्या गटात चाकूरच्या जिल्हा परिषद शाळेतली जुवेरिया खय्युम शेख होती. शाळेतल्या शिवप्रसाद सरांनी लिंबाच्या झाडाखाली पोरांना पट मांडून दिला होता. दुसरीतली ही पोरगी आधी सातवीच्या पोरांना हरवू लागली, मग जिल्ह्यात, मग राज्यात. निवडीचं पत्र आलं तेव्हा त्यातलं इंग्रजी सरांनी दोनदा वाचून दाखवलं, कारण पहिल्यांदा खय्युमचा विश्वासच बसला नाही.

खय्युम अहमदपूर आगारात कंडक्टर होता. चौदा वर्षं झाली होती. लातूर-नांदेड गाडीवर चाकूर, अहमदपूर, लोहा करत त्याचं आयुष्य चाललं होतं. त्याला सुट्टी मिळावी म्हणून चार जणांनी आपापल्या ड्युट्या बदलून घेतल्या होत्या. रस्त्यावरचं प्रत्येक गाव त्याला ओळखत होतं. गाडीत डबा उघडणारी म्हातारी त्याच्या हातावर भाकरी ठेवायच्या आधीच सांगायची, "घे बाबा, नुसतं पिठलं हाय." लग्नाला बोलावलं तर यजमान स्वतःच सांगायचा की तुमच्यासाठी मौलानांच्या हातानं कापलेलं वेगळं केलंय. काय खावं, काय नाही, हे त्याला आजवर कुणाला विचारावंच लागलं नव्हतं.

घरून आणलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि खारी बिस्किटं तीन दिवसांत संपली होती. सूप चौथ्या दिवशीचं.

त्या दुपारी जुवेरिया अर्ध्या तासात हरून बाहेर आली. पालकांना आत जायची मनाई होती, ते काचेबाहेर उभे असत. तिनं आईच्या ओढणीत तोंड लपवलं आणि म्हणाली, "अम्मी, तोंडाचा वास जाईना गेलाय."

संध्याकाळी सरांचा फोन आला.

"खय्युमभाई, डाव बघितला मी मोबाईलवर. घोडा उगंच देऊन टाकली. पोरीला बरं न्हाई का?"

खय्युमनं सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही.

"मी असतो तर मीच इचारलो असतो," सर म्हणाले.

"हाव सर. तेच तर झालं. आजवर माज्या वतीनं कोणी ना कोणी इचारत आलंय."

"मग आता तुमी इचारा. एखादा डाव हरली तरी चालंल. आधी तिच्या जेवणाचं बघा."

रात्रीच्या जेवणाला जुवेरियानं हॉटेलातल्या कशालाच हात लावला नाही. ब्रेडलासुद्धा नाही. भारतीय पथकात लातूरच्या मंजुषाताई होत्या. त्यांची लेक ऋतुजा दहा वर्षांखालच्या गटात खेळत होती. त्यांनी सोबत विजेवरचा लहान कुकर आणला होता. त्या वाटीभर खिचडी घेऊन दारात आल्या.

"निव्वळ मूग-तांदूळ आहे हो, जुवी. वर तूप घातलंय. मीच केलंय."

जुवेरियानं आधी आईकडं पाहिलं, मग मंजुषाताईंकडं, आणि मग वाटी निपटून खाल्ली.

खाऊन झाल्यावर ती पलंगावर खय्युमच्या शेजारी येऊन बसली.

"अब्बा, तुमी इचारलं होतं का तिथं?"

खय्युमला एखादी सबब सहज सांगता आली असती. सात वर्षांच्या लेकराला पटेल अशी.

"न्हाई बेटा," तो म्हणाला. "न्हाई इचारलं. मागं लई लोकं होते. मला लाज वाटली."

"कशाची?"

खय्युमनं तिच्या पायांवर चादर ओढली. जुवेरियानं थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाली, "इथं आपल्यासारखे लोकं न्हाईत का?"

"आसतील की."

"मग ते कुठं जेवतेत?"

पोरी झोपल्यावर रिजवाना हळूच म्हणाली, "नकळत खाल्लेलं माफ असतंय. कशाला जिवाला लावून घ्यायलाव?"

"अल्ला माफ करंल गं. पण तिनं मला इचारलं होतं. माज्या शब्दावर खाल्ली ती." तो उठून बसला. "उद्या सकाळी निघू. सगळेच. दुपारी तीनच्या आत परत यायचं."

"मंजुषाताई उद्याबी देतो म्हणल्यात."

"देतील. लई मोठ्या मनाच्या हायेत. पण अजून सात दिवस हायेत, आणि पोरीनं काय इचारलं ते ऐकलीस ना?"

मोबाईलच्या नकाशावर हलाल म्हणून एकच दुकान दिसत होतं, शेजारच्या शहरात, बसनं पाऊण तास. सकाळी नऊला ते निघाले. बसमध्ये कंडक्टर नव्हता. दारापाशी एक यंत्र होतं, लोक त्याला आपापलं कार्ड दाखवून बसत होते. खय्युम त्या यंत्राकडं जरा वेळ पाहत राहिला. त्याच्याबद्दल त्याला राग आला नाही, पण आपलेपणाही वाटला नाही.

नकाशावरचं दुकान सापडलं तेव्हा तिथं सायकली विकायला होत्या. दुकानदारानं हात हलवून सांगितलं की आधीचा माणूस केव्हाच गेला. अकरा वाजत आले होते. मिस्बाह रडून रडून दमली होती. जुवेरिया काही मागत नव्हती, आणि खय्युमला तेच जास्त लागत होतं. त्यानं फुटपाथवरच्या दोघा-तिघांना विचारून पाहिलं. पण आवाज इतका हळू निघत होता की लोक "काय?" अशा नजरेनं पाहायचे आणि खांदे उडवून पुढं जायचे.

"तुमी असं पुटपुटून इचारल्यावर कोण सांगंल?" रिजवाना म्हणाली. "लोह्याच्या स्टँडवर असं वरडत होता का?"

परतीची बस आली. चांगली भरलेली होती. खय्युम चढला, बायको-लेकरांना एका खांबाशी उभं केलं आणि पुढं ड्रायव्हरपाशी जाऊन प्रवाशांकडं तोंड करून उभा राहिला. त्यानं एकदा जुवेरियाकडं पाहिलं. मग चौदा वर्षं शेवटच्या सीटपर्यंत पोचत आलेला आवाज लावून तो म्हणाला,

"अस्सलामु अलैकुम. हलाल? खाना? बच्चे लोग, हलाल?"

सगळी बस वळून पाहू लागली. कानातलं काढून एक पोरगा पाहू लागला. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. खय्युमचे कान तापले, पण तो जागचा हलला नाही. त्यानं पुन्हा विचारलं, तितक्याच मोठ्यानं.

मागच्या बाकावरून एक हात वर आला. डोक्याला तपकिरी रुमाल बांधलेली, साठीच्या पुढची एक बाई होती. "वालेकुम सलाम," ती म्हणाली आणि शेजारची रिकामी जागा थोपटून तिनं रिजवानाला बोलावलं.

तिचं नाव खदिजा. ती मोरोक्कोची. तिला ना हिंदी येत होती ना इंग्रजी, आणि यांना तिची भाषा येत नव्हती. तरी तिनं मिस्बाहला मांडीवर घेतलं, जुवेरियाच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पाचव्या थांब्यावर सगळ्यांना उतरवून घेतलं. तिला जायचं दुसरीकडंच होतं. तिच्या पिशवीतून दवाखान्याचा लिफाफा डोकावत होता. खय्युमनं लिफाफ्याकडं बोट दाखवून नको नको म्हणून पाहिलं. तिनं हात झटकला आणि पुढं चालायला लागली.

रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत खाटकाचं दुकान होतं. आत चार टेबलांची खाणावळ. दारावर अरबीत आणि इटालियनमध्ये हलाल लिहिलेलं होतं. भिंतीवर मक्केचं चित्र होतं. खदिजानं दुकानदाराला बहुधा यांची सगळी हकीकत सांगितली, कारण तो ऐकता ऐकता दोनदा जुवेरियाकडं पाहून मान हलवत होता. थोड्याच वेळात त्यानं रोट्या आणल्या, कोंबडीचा रस्सा आणला, वाफाळणारं मसुराचं सूप आणलं.

सूप पाहून जुवेरियाचा हात थांबला.

"इचारा, अब्बा," ती हळूच म्हणाली.

दारावर पाटी होती. इथं घेऊन आलेली खदिजा रुमाल बांधलेली होती. विचारायची काही गरज नव्हती, आणि विचारलं तर समोरच्याला अपमान वाटण्याची शक्यता होती. खय्युम उठला. वाटीकडं बोट दाखवत म्हणाला, "भाई, माफ करना. इसमें क्या है?"

दुकानदारानं त्याच्याकडं पाहिलं, मग पोरीकडं. तो जुवेरियाचा हात धरून तिला आत स्वयंपाकघरात घेऊन गेला. खय्युम मागोमाग. त्यानं प्रत्येक पातेल्याचं झाकण उघडलं. मसूर दाखवले, टोमॅटो दाखवले, कोथिंबिरीची जुडी तिच्या नाकाशी धरली. शीतपेटी उघडून आतल्या मांसावरचा शिक्का दाखवला. शेवटी छातीवर हात ठेवून तो तिच्यापुढं किंचित वाकला, मोठ्या पाहुण्यापुढं वाकावं तसा.

जुवेरिया बाहेर आली आणि खाली मान घालून खायला लागली. एक वाटी संपली, दुसरी मागितली. रिजवानानं ओढणीनं डोळे पुसले आणि रस्सा तिखट आहे म्हणून सांगितलं. तो मुळीच तिखट नव्हता.

निघताना त्यांनी कोंबडी, मसूर आणि रोट्या बांधून घेतल्या. खदिजा त्यांना परतीच्या बसमध्ये बसवूनच दवाखान्याच्या रस्त्याला लागली. तीनला दहा मिनिटं कमी असताना ते स्पर्धेच्या हॉलपाशी पोचले.

त्या दिवशी जुवेरियाचा डाव साडेतीन तास चालला. समोर पोलंडची मुलगी होती, यादीत पाचवी. हळूहळू सगळे पट रिकामे झाले, पालक लेकरांना घेऊन निघून गेले. शेवटी आत दोनच पोरी राहिल्या. काचेबाहेर खय्युम-रिजवाना आणि त्या मुलीचे आईबाप होते. डाव बरोबरीत सुटला. बाहेर येऊन जुवेरिया म्हणाली, "मला जितायलाबी येत होतं. पण एक खेळी दिसली न्हाई." तिच्या आवाजात तक्रार होती, आणि तो आवाज ऐकून खय्युमला किती बरं वाटलं हे त्यानं सरांना फोनवर तीन वेळा सांगितलं.

तिला पदक मिळालं नाही. शेवटी ती एकविसावी आली. पण पुढचे सगळे दिवस त्यांचं जेवण व्यवस्थित झालं. हॉटेलच्या आचाऱ्याला विचारून रिजवानानं स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात शेगडी मिळवली. त्या शेगडीवर आधी मंजुषाताईंची खिचडी व्हायची, भांडी घासून बाजूला ठेवली जायची, मग रिजवानाचं पातेलं चढायचं. हॉटेलातली फळं आणि दही जुवेरिया पुन्हा घेऊ लागली. मात्र डुकराच्या मांसाला तिथं 'मायाले' म्हणतात हे शिकून रांगेत स्वतः विचारायची. "मायाले, नो?" असं ती आचाऱ्याच्या डोळ्यांत पाहून म्हणायची. मागं कितीही माणसं खोळंबलेली असोत, उत्तर मिळाल्याशिवाय पुढं सरकायची नाही. तिच्या मागं खय्युम उभा असायचा. तो कुणालाच घाई करू द्यायचा नाही.

आठव्या फेरीच्या दिवशी तीनला डाव सुरू झाले. पालक मागं राहिलेलं जेवण उरकायला शेजारच्या जेवणघरात आले. रांगेत एक तरुण बाई दोन लहान लेकरांना घेऊन उभी होती. तिच्या मोठ्या मुलाचा डाव आत चालू होता. लेकरांच्या जॅकेटवर उझबेकिस्तान लिहिलेलं होतं. ती एका भांड्याचं झाकण उचलायची, वाकून पाहायची आणि परत ठेवायची. पुढच्या भांड्याशी तेच. मागच्या माणसानं घसा खाकरला. ती ओशाळली, रिकाम्या ताटल्या घेऊन बाजूला झाली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. धाकटं लेकरू तिचा हात ओढत होतं.

खय्युमनं हातातली ताटली ठेवून दिली.

"हलाल?" त्यानं जवळ जाऊन विचारलं.

तिनं दचकून पाहिलं, मग होकाराची मान हलवली.

"इथं न्हाई. चला."

काचेपलीकडं जुवेरिया पटावर वाकलेली होती. डाव नुकताच रंगात येत होता. खय्युम क्षणभर तिथं थांबला.

"जावा तुमी," रिजवाना म्हणाली. "मी हाय इथं."

बस आली तेव्हा जवळजवळ रिकामीच होती. खय्युमनं त्या बाईला आणि लेकरांना खिडकीजवळच्या जागेवर बसवलं. दार लागताना धाकट्याचा हात मध्ये येत नाही ना, ते वाकून पाहिलं.

"थांबा आला की सांगतो," तो मराठीतच म्हणाला. तिला एक शब्दही कळला नव्हता, पण ती निर्धास्तपणे मागं टेकून बसली.

बस निघाली. सगळ्या जागा मोकळ्या होत्या. खय्युम मात्र पुढच्या खांबाला धरून, प्रवाशांकडं तोंड करून उभाच राहिला.