दोनशे बारा नंबरची पँट

लाँड्रीच्या मागच्या खोलीत खिडकीखाली मावशीचं मशीन होतं. डाव्या हाताला इस्त्रीचं टेबल, उजवीकडे कपड्यांचा गठ्ठा. गिऱ्हाइकाचं तोंड तिला कधी दिसायचं नाही. कपडे शहरातल्या चार काउंटरांवर जमा व्हायचे, प्रत्येकाला गिऱ्हाइकाच्या कायमच्या नंबराची चिठ्ठी टाचली जायची आणि टेंपोतून गठ्ठे इकडे यायचे. बाही आखूड, चेन नवी, कंबर आत, असं जे काही चिठ्ठीवर लिहिलेलं असेल ते मावशी करायची आणि गठ्ठा परत पाठवायची. एकवीस वर्षं हेच चाललं होतं. पण माणूस न बघता नुसत्या कपड्यावरून त्याची सगळी हकीकत सांगण्यात तिचा हात कुणी धरला नसता. कुणाचा एक खांदा उतरलाय, कोण पाकीट मागच्या खिशात ठेवतं, कुणाचं पोट सुटायला लागलंय पण कबूल करायचं नाही, हे सगळं तिला शिवणीवरून कळायचं. आणि कळलं की ती गप्प बसायची नाही, हा त्यातला दुसरा भाग.

त्या दिवशी दुपारी दोनशे बारा नंबरची काळी पँट गठ्ठ्यातून निघाली आणि मावशीनं ती लगेच ओळखली. पाच महिन्यांतली ही चौथी खेप. पहिल्यांदा कंबर जराशी आत घ्यायची होती, दुसऱ्यांदा अजून थोडी, तिसऱ्यांदा कंबर आणि मांड्या दोन्ही. या वेळी चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘कंबर शक्य तितकी आत. आतली माया कापून टाकावी.’

“कापून टाकावी म्हणे! हिच्या बापाचं काय जातंय!” मावशी मशीनलाच म्हणाली.

माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं की टीप उसवायची आणि कपडा मोठा करायचा. माणसाचं अंग काय जन्मभर एकाच मापाचं राहतं? म्हणून मावशीनं आजवर कुणाच्या मायेला कात्री लावली नव्हती. अन् ही बया सांगते, कापून टाका. म्हणजे परत कधी भरायचंच नाही, असं ठरवूनच बसली होती की काय!

या गिऱ्हाइकाला मावशीनं नाव ठेवलं होतं, सुतळी. सुतळीच्या गोष्टी घरी रोज जेवताना निघायच्या. आणि त्या ऐकायला सगळ्यात उत्सुक असायची मावशीची लेक. लेक तेवीस वर्षांची, एका कुरियरच्या ऑफिसात नोकरीला. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून घरात तिला सगळे गोलू म्हणत, ते तसंच चिकटलं होतं.

“आई, आज सुतळीचं काय आलं गं?” ती विचारायची.

“आली ना तिची पँट! अजून दोन बोटं आत. काय पोरगी आहे बाई, चिकाटी म्हणतात ती ही. नाहीतर आपण! शीक जरा तिच्याकडून,” मावशी म्हणायची आणि सगळे हसायचे. गोलूही हसायची.

खरं तर घरात डाएट आणलं ते मावशीनंच. कुणीतरी फोनवर यादी पाठवली होती, हे खायचं नाही, ते खायचं नाही, अमुक वाजल्यानंतर काहीच खायचं नाही. मायलेकींनी ती फ्रिजच्या दाराला चिकटवली आणि जोरात सुरुवात केली. नवव्या दिवशी मावशीनं साखर घालून दूध-ब्रेड खाल्ला आणि जाहीर केलं की आपल्याला काही हे झेपायचं नाही. गोलूनं मात्र सोडलं नाही. यादीत नव्हतं तेही ती एकेक करून टाकत गेली. पहिल्या महिन्यात मावशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटली, “आमची गोलू बघा!” पाठ थोपटून शाबासकी दिली. मग हळूहळू पोर ऑफिसातच खाऊन यायला लागली. निदान तसं सांगायला लागली. कंगव्यात केसांचा पुंजका दिसायचा. भर उन्हाळ्यात ती बापाचा जुना ढगळ स्वेटर घालून बसायची. दोन घास घे म्हटलं की अंगावर यायची. गेल्या आठवड्यात मावशीनं नुसतं विचारलं, “खाल्लंस का गं काही?” तर दार धाडकन आपटून खोलीत गेली होती. मावशीला काळजी वाटत होती, वाटत नव्हती असं नाही. पण एकवीस वर्षं परक्यांच्या कंबरा ओळखणारी ही बाई त्या स्वेटरच्या आत बघायला विसरली होती.

शिवाय घरात तिच्यामागे दुसरीच कटकट लागली होती. बिस्किटं गायब होत होती. थोडीथोडकी नाही, पुडेच्या पुडे, सकाळी आणलेले संध्याकाळी फस्त. पावाची आख्खी लादी, सायीचं भांडं. मावशीचा संशय सरळ नवऱ्यावर. त्याला साखरेचा आजार, डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. “अहो, जिभेला काही लगाम? लाज कशी वाटत नाही चोरून खायला?” तिनं त्याला फैलावर घेतलं होतं. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला होता, “चुकलं माझं.” मग मावशीनं पुडे बटणांच्या डब्याखाली लपवायला सुरुवात केली. फोडलेल्या पुड्याचं तोंड ती उरलेल्या दोऱ्यानं बांधायची, दोन वेढे, आडवा टाका आणि वर काजाची गाठ. अशी गाठ गावात दुसरं कुणी घालत नव्हतं. कुणी सोडली की लगेच कळेल, हा तिचा हिशेब.

तर ती काळी पँट. कपडा हातात आला की आधी खिसे तपासायचे, ही लाँड्रीची शिस्त. मावशीनं डाव्या खिशात हात घातला. किल्ली नाही, रुमाल नाही. बारीक बारीक घड्या घालून चपटं केलेलं काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर बिस्किटाच्या पुड्याचा कागद, आणि त्याला अजून चिकटलेला निळा दोरा. दोन वेढे, आडवा टाका, काजाची गाठ. गाठ सोडायला वेळ नव्हता म्हणून दोरा ओढून तोडलेला.

मावशीनं गाठ बघितली, मग आपली बोटं बघितली. मग पँट उचलून छातीशी लावली आणि कंबर दोन्ही हातांत ताणली. एवढीशी. अगं बाई, एवढीशी! या कमरेवर तीन वेळा आपणच टिपा मारल्या. प्रत्येक वेळी घरी जाऊन आपणच वाहवा केली. आणि समोर बसून ती ऐकत होती.

तिला भोवळच आली. इस्त्रीवाल्यानं पाणी आणून दिलं, “काय झालं मावशी, बीपी का?” ती हो म्हणाली. दुसरं काय सांगणार?

संध्याकाळी जेवताना मावशी गप्प होती, आणि ती गप्प म्हणजे घरात काहीतरी भयंकर घडलंय अशीच गोष्ट. गोलू भात ताटातल्या ताटात इकडून तिकडे करत होती. मावशीच्या जिभेवर शंभर शब्द आले. ओरडावं, भरवावं, दोन थोबाडीत द्याव्यात, पाया पडावं, काहीच ठरेना. आत्ता बोललं तर ती नाही म्हणेल, दार आपटेल आणि पँट दुसऱ्या कुठल्यातरी लाँड्रीत जाईल. मग तर आपल्या हाताला काहीच लागायचं नाही. या एका भीतीनं तिनं तोंडाला कुलूप लावलं.

“सुतळीचं काय?” गोलूनं विचारलं.

“काही नाही आज,” मावशी म्हणाली.

गोलू खोलीत गेल्यावर तिनं नवऱ्यासमोर तो कागद ठेवला. त्यानं एकदा कागदाकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

“मी खाल्लं नव्हतं,” तो म्हणाला.

“ते कळलं मला. मग चुकलं म्हणून का सांगितलंत?”

“मला दिसली होती ती. पहाटे पाणी प्यायला उठलो तर ओट्याशी उभी. एकामागून एक तोंडात कोंबत होती गं, चव बघायलाही थांबत नव्हती. आणि रडत होती.” त्यानं चष्मा शर्टाला पुसला. “मला वाटलं, खातेय ना, खाऊ दे. निदान काहीतरी पोटात जातंय. तू चिडशील तिच्यावर, म्हणून म्हटलं मीच.”

“अहो, बोलायचं तरी मला!”

“तू सुतळीचं कौतुक करत होतीस रोज. काय बोलणार?”

हे तिला फार लागलं. त्यात त्याची काही चूक नव्हती, म्हणून जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मावशी लाँड्रीशेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. कागद, दोरा, स्वेटर, केस, सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी विचारलं, “एकीकडे उपाशी राहते, दुसरीकडे चोरून खाते. ढोंग करतेय का हो?”

“ढोंग नाही,” बाई म्हणाल्या. “शरीराला इतके दिवस उपाशी ठेवलं की ते एक दिवस हातातून सुटतं. मग खाल्ल्याची लाज वाटते, म्हणून परत उपाशी. त्या चक्रात ती अडकलीय. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. रागावू नका, तिचे घास मोजू नका, अंगावरून टोमणे नकोत आणि कौतुकही नको. फक्त तिला घेऊन या. लवकर या.”

“लवकर म्हणजे?”

“आज आणलंत तर मी थांबते.”

पँट तशीच पिशवीत घालून मावशी टेंपोत बसली आणि कुरियर ऑफिसजवळच्या काउंटरवर गेली. टीप घातली नव्हती, उसवलीही नव्हती. उसवून दिली तर पोरीला वाटेल, आई मला जाड हो म्हणतेय. आत घेऊन दिली तर... तो विचार तिनं पुढे नेलाच नाही. पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून गळ्यातली मापाची टेप काढून तिनं काउंटरवालीच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

“मावशी, तुम्ही आज इकडे कशा?” काउंटरवालीनं विचारलं.

“दोनशे बारा कधी येते गं?”

“येईलच. सहाला येते. खूप गोड मुलगी आहे. पण मावशी, पाच मिनिटं उभी राहिली तरी काउंटर धरते.”

सहा वाजले, सव्वासहा झाले. मावशीला वाटलं, आता येत नाही. तिनं काचेतून रस्ता बघून बघून डोळे दुखवून घेतले. मग दार ढकलून गोलू आत आली. दार जड होतं की ती हलकी झाली होती कोण जाणे, तिला ते दोन्ही हातांनी ढकलावं लागलं. हातात दोनशे बाराची पावती होती.

आई दिसल्याबरोबर तिनं पावती मुठीत चुरगळली.

“गो...” मावशीनं हाक मारली आणि अर्ध्यातच थांबली. ते नाव आता तिच्या तोंडातून निघेना. “ये बाळा. बस.”

“तू इथे काय करतेस? मी मैत्रिणीची पँट न्यायला आलेय.”

मावशीनं पिशवीतून कागद काढून काउंटरवर ठेवला. दोऱ्यासकट. काउंटरवाली शहाणी, ती आतल्या खोलीत निघून गेली.

गोलू किती तरी वेळ त्या गाठीकडे बघत राहिली. तिला आधी राग आला, तो चेहऱ्यावर दिसला. मग तो कुठे गेला कळलं नाही.

“बाबांना उगाच बोलणी बसली,” ती म्हणाली.

“त्यांची माफी मी मागेन. ते माझ्याकडे लागलं.”

“पहिल्यांदा इथे टाकली ती तुला कळू नये म्हणून, इथले कपडे तुझ्याच मशीनवर येतात हे ठाऊक नव्हतं. घरी शिवायला दिली असती तर तू माप घेतलं असतंस.” ती भराभर बोलायला लागली. “मग तू घरी येऊन सांगितलंस, काय चिकाटी आहे पोरीची. आई, तू इतकं छान बोललीस! मला वाटायचं, हे माझ्याबद्दल आहे. ते ऐकायला मी पुढच्या वेळी परत टाकली.”

मावशीला म्हणायचं होतं, मला काय माहीत, मी तर गंमत करत होते. ते ती म्हणाली नाही.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “मी आंधळ्यासारखी शिवत बसले.”

“मला थांबता येत नाही गं. न खाणंही थांबत नाही आणि खायला लागले की तेही थांबत नाही. मला भीती वाटते.”

“मलाही वाटते. खूप वाटते. म्हणून आपण दोघी जायचंय. डॉक्टरीणबाई थांबल्यात.”

“आत्ता?”

“आत्ता.”

“त्या वजन करतील?”

“मला माहीत नाही. तुला नको असेल तर तसं मी सांगेन. आणि मी गप्प बसत नाही, हे तुला ठाऊक आहे.”

गोलूच्या ओठाचा एक कोपरा हलला. “पँट?” तिनं विचारलं.

“राहू दे इथंच. मी कात्री लावली नाही.”

दवाखान्यात बाकावर दोघी शेजारी बसल्या. पंखा बंद होता तरी पोर कुडकुडत होती. मावशीनं आपली शाल काढून तिच्या अंगावर टाकली आणि टाकताना कित्येक महिन्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला नुसती हाडं लागली. तरी तिनं हात काढला नाही. बाप ऑफिसातून परस्पर येत होता, फोनवर नुसतं “निघालो” म्हणाला होता. ही उठून पळून तर नाही ना जाणार, या धास्तीनं मावशी दाराकडे बघत होती. दारात आणि पोरीत चारच पावलांचं अंतर होतं.

मग गोलूनं मान खालीच ठेवून, रोज जेवताना विचारायची तसं विचारलं, “आई, आज सुतळीचं काय आलं गं?”

मावशीनं शाल तिच्या खांद्यावर नीट केली.

“आज पँट नाही आली,” ती म्हणाली. “आज ती स्वतः आली.”

आतून हाक आली. दोघी उठल्या, आणि पोरीनं आईची बाही सोडली नाही.