पाचवीचा मान

रुक्माबाईनं हात मागे बांधून घेतले आणि पाट्यासमोरून उठलीच.

"बाळाला न्हाऊ घालते, शेकते, चोळते. पर सटवाईची पूजा करनार न्हाई, पाटलीनबाई."

पाटा-वरवंटा मांडून झाला होता. हळदीकुंकू, दिवे, सुईणीच्या मानाची नवी साडी, कणसं, सगळं जागच्या जागी. पाचवीला पूजेला सुईणच बसते, तिच्या हातानंच बाळ देवीपुढं ठेवतात, आणि सुईणच अशी फणकारून उठली म्हटल्यावर पाटलीण लक्ष्मीबाईचं तोंड उघडंच राहिलं. बाजेवर पडलेली सून पद्माबाई उशीवरून मान उचलून बघू लागली. पाच दिवसांपूर्वी हेच पोरगं पायाळू आलं होतं, आणि रुक्माबाईच्याच हातांनी वाचलं होतं.

"नाताळात डोक्यावर पाणी काय घेतलं, लई मोठी झालीस का?"

"मोठी न्हाई झाले. येशूची झाले."

"अगं, नुसते हात जोड. मनात तुझ्या त्याचंच नाव घे. कोन बघायला येतंय?"

हे ऐकलं आणि रुक्माबाईचं डोकं तडकलं. आजवर शिव्या खाल्ल्या, बाटगी म्हणून घेतलं, ते एक वेळ सोसता येतं. हे नुसतं, हे खोटं-खोटं, हे सोसायचं नव्हतं.

"तुमच्या देवीपुढं लबाडीनं हात जोडू? तिचाबी येवढाच मान ठेवता व्हय? माझ्याच्यानं न्हाई होत, माय. तिच्याशीबी न्हाई, माझ्या देवाशीबी न्हाई."

"निघ! निघ इथून! परत उंबऱ्यावर पाय ठेवू नको!"

लक्ष्मीबाईनं बाळ छातीशी ओढलं. रुक्माबाई निघाली. पोटाचं काय, हा प्रश्न नव्हता असं नाही. नवरा सटवाजी पाटलाकडंच सालदार होता. पण त्यानंच तर तिला प्रार्थनेला नेलं होतं. येशूचं पहिलं गाणं तिनं त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. त्याला आपलं पटेल, अशी तिची खात्री होती.

दिवे लागायच्या वेळेला सटवाजी घरी आला. काखेत नवी साडी. कपाळावर मळवट भरावा तसं कुंकू.

रुक्माबाई चुलीपुढून बघतच राहिली.

"काहून असं बघून राहिलीस? बाई न्हाई तर घरधनी पाया पडंल, म्हनले किसनराव पाटील. पडलो. साल जायचं वाचलं. ही घे तुझी साडी."

"माझी न्हाई. मी पूजा केली न्हाई."

"कोनीतरी केली ना? झालं तर मग."

तिनं साडी काखोटीला मारली, तडक पाटलाच्या दारी गेली आणि बाहेरूनच उंबऱ्यावर ठेवून आली. आतून लक्ष्मीबाई काहीतरी ओरडली. रुक्माबाई थांबली नाही.

परत आली तेव्हा सटवाजी ताटावर बसला होता. "साडी?" त्यानं विचारलं.

"दिली परत."

"येडीच हायस," तो म्हणाला, आणि रोजच्यासारखे हात जोडून, डोळे मिटून त्यानं सुरुवात केली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..."

आवाज चांगला होता त्याचा, भक्तीचा. रुक्माबाई उघड्या डोळ्यांनी ते कुंकू बघत राहिली. तो शेवटाला आला आणि तिच्या 'आमेन'साठी थांबला. तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"आदी कपाळ धुवा."

सटवाजीचा हात कपाळाकडं गेला, कुंकवाला लागला आणि खाली आला.

"आज न्हाई. सकाळी पाटील बघंल."

तिनं आपली भाकरी उचलली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. शेजारपाजारच्या बाया दारात होत्याच. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं एकटीनंच पहिल्यापासून प्रार्थना म्हटली, आमेनसुद्धा, आणि मग भाकरी मोडली.