अप्पांची चिमूट

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. माझ्याकडे कपाटं नाहीत आणि ‘शांतता राखा’ अशी पाटीही नाही. मी म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या सूचनांची जुडी. खेळ बनवणारे मला आपल्या खेळात जोडतात, म्हणून त्यातला चेंडू भिंतीवर आपटून परत फिरतो आणि पळणारी पोरगी जमिनीतून खाली जात नाही. खेळाच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात. माझं राहून जातं. सवय झाली.

माझा जन्म बीडचा. मल्लिनाथ अप्पांच्या किराणा दुकानात, साखरेच्या पोत्यांमागे. त्यांचा मुलगा संगमेश तिथे बसून मला लिहायचा. सुरुवातीला माझे चेंडू भिंतीलाच चिकटून बसत. एकदा संगमेश असाच कपाळाला हात लावून बसला होता. अप्पा शेंगदाणे तोलत होते. काटा बरोबर झाला, तरी त्यांनी वर चिमूटभर टाकलेच.

“कशाला वर टाकता हो रोज?” संगमेशने विचारलं.

“लई नेमकं धरलं की गिऱ्हाईक अडून बसतंय,” अप्पा म्हणाले. “जरा सैल सोडावं.”

संगमेशने तेच माझ्यात घातलं. वस्तू भिंतीला टेकली, की मधे केसभर जागा सोडायची. एवढ्या एका ओळीने चेंडू सुटले. ती ओळ का आहे, हे मात्र त्याने कुठेच लिहून ठेवलं नाही.

नऊ वर्षं मी राबले. देशोदेशीच्या लोकांनी शाबासकी दिली. मग नवी, चकचकीत साधनं आली आणि माझ्या वाट्याला तक्रारी उरल्या. कुणीतरी लिहिलं, ‘तुमचं गणित केसभर चुकतं.’ संगमेश ओशाळला. ती ओळ कशासाठी होती, हे तो विसरला होता. आठवण करून द्यायला अप्पा राहिले नव्हते. त्याने ती पुसली आणि ‘आता अधिक अचूक’ असं लिहून मला जगात सोडलं.

तेलगावच्या तेजश्रीने त्याच सकाळी माझं हे नवं रूप आपल्या खेळात घेतलं. उसाच्या फडातून शाळा गाठणाऱ्या पोरीचा खेळ, दोन वर्षं खपून केलेला. दुपारी तो एका कंपनीच्या साहेबांना दाखवायचा होता. तिची नोकरी त्यावरच ठरणार होती. पोरगी पळाली, पहिल्या भिंतीला टेकली आणि तिथेच राहिली. साहेब गोड आवाजात ‘कळवतो’ म्हणाले. मित्रांनो, ‘कळवतो’चा अर्थ तुम्हाला मोठेपणी कळेल.

संध्याकाळी तिने संगमेशला फोन लावला.

“दादा, माझी पोरगी भिंतीतच बसली की.”

“ऐन दिवशी नवी घ्यायची असती का, ताई? आधी चालवून तरी बघायची.”

“तुमीच लिहिलंत, अचूक हाय म्हणून. पहिली काय वाईट होती?”

संगमेशने पुसलेली ओळ काढून पाहिली आणि त्याला शेंगदाण्यांवरची चिमूट आठवली. मग म्हणाला, “न्हाई. पहिलीत अप्पा होते.”

त्याने ओळ परत घातली. या वेळी शेजारी लिहिलं : ‘ही अप्पांची चिमूट. काढू नये.’

मित्रांनो, जुन्या माणसाने केलेलं काही फालतू वाटलं, तर पुसण्याआधी विचारून घ्या. आणि तुम्ही काही केलंत, तर कारण लिहून ठेवा. विचारायला तुम्ही असालच असं नाही.

तेजश्रीची पोरगी आता भिंतीला टेकते आणि नीट परत फिरते. साहेबांनी अजून कळवलेलं नाही.