हॉटेलची मागची बाजू

सन एकोणीसशे पंच्याऐंशी. मे महिना संपत आला होता. मुंबईचे चाकरमानी परतीच्या गाड्या धरू लागले होते, आणि रत्नागिरीबाहेरच्या आमच्या खाडीकाठच्या वाडीत सगुणा स्वतःच्या ओट्यावर पाय धरून बसली होती. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात काच रुतली होती. तपकिरी, जाड, बिअरच्या बाटलीची काच.

सगुणा खाडीत तिसऱ्या काढायची. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या. ओहोटी लागली की बायका टोपल्या घेऊन उतरायच्या, गुडघाभर चिखलात उभ्या राहायच्या आणि पायाच्या बोटांनी चाचपून शिंपली ओळखायच्या. डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. जे काही कळतं ते तळव्याला. पूर्वी खाडीचा चिखल लोण्यासारखा मऊ होता. आमच्या लहानपणी आम्ही त्यात लोळायचो आणि अंगावर ओरखडासुद्धा उठायचा नाही. हे आज सांगितलं तर पोरंबाळं हसतात, पण ते खरं आहे.

काच काढली येसूबाईने. येसूबाई म्हणजे वाडीतली जुनी जाणती विधवा बाई. कुणाचं बाळंतपण असो की कुणाचा मोडलेला हात, आधी तिलाच हाक मारायचे. तिने काच फडक्यावर ठेवली, जखमेत हळद भरली आणि विचारलं, "कुणी टाकलीन गो ही?"

सगुणाने नवऱ्याकडे पाहिलं. विठू दाराला टेकून उभा होता. गिरणीच्या संपात त्याची मुंबईची नोकरी गेली होती, आणि आता तो खाडीकाठच्या 'हॉटेल दर्याराज'मध्ये कामाला होता. टेबलं पुसायची, भांडी घासायची आणि हॉटेल बंद करण्याआधी दिवसभराचा कचरा टोपल्यांत भरून मागच्या बाजूने खाडीत रिकामा करायचा, हे त्याचं काम. बायकोच्या पायातून निघालेली ती काच त्याने ओळखली. तो फडक्यावरच्या काचेकडे बघत राहिला. येसूबाईने पुन्हा विचारलं नाही. तिला उत्तर मिळालं होतं.

'दर्याराज' काशीरामचं. काशीराम येसूबाईच्या सख्ख्या भावाचा मुलगा. आई लवकर गेली, तेव्हा ह्या आतेनेच त्याला वाढवलं. पुढे तो जहाजावर खानसामा झाला, बरीच वर्षं जगभर फिरला, आणि आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला परत येऊन त्याने हे हॉटेल काढलं. पुढे जेवणाची खोली, बाजूला परमिट रूम. रत्नागिरीत तेव्हा इतकं स्वच्छ हॉटेल दुसरं नव्हतं, हे मान्य करायलाच हवं. फरशी चकचकीत, टेबलावर माशी नाही, वाढणाऱ्याच्या खांद्यावर धुतलेलं फडकं. शहरातले साहेब लोक मुद्दाम गाडी काढून तिथे तिसऱ्यांचं सुकं खायला यायचे आणि "वा, काय स्वच्छता आहे!" म्हणून जायचे.

ती स्वच्छता कुठून येत होती? हॉटेलच्या मागच्या बाजूने! फुटक्या बाटल्या, पत्र्याची बुचं, शेंगदाण्यांच्या प्लॅस्टिकच्या पुड्या, भांडी घासलेलं तेलकट पाणी, कोंबड्यांची पिसं, सगळं खाडीत. भंगारवाला यायचा, पण त्याचा काही नेम नसे, आणि तोवर ती अडगळ अंगणात साठवून ठेवणं काशीरामला खपायचं नाही. समोरून देव्हारा आणि मागून उकिरडा. वाचकहो, असं घर तुमच्या ओळखीचं नाही, असं सांगू नका.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी येसूबाई ती काच पदरात बांधून 'दर्याराज'वर गेली. काशीराम खुशीत होता. त्याच्या खुशीचं कारण साऱ्या वाडीला ठाऊक होतं. नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ सोडायचा मान त्यांच्या घराण्याचा. बाप वारल्यापासून काशीराम जहाजावरच असल्यामुळे वाडीचा तांडेल, म्हणजे होड्यांचा म्होरक्या, केरू त्यांच्या नावाने नारळ सोडायचा. यंदा इतक्या वर्षांनी तो मान काशीरामच्या हातात परत यायचा होता. त्याने रेशमी सदरा शिवायला टाकला होता. आते आलेली पाहून त्याने तिला खुर्ची दिली, सरबत मागवलं, आणि नारळाला सोनेरी कागद लावायचा की खरंच सोन्याचं पाणी दिलेला पत्रा करून घ्यायचा, हे तिलाच विचारू लागला.

येसूबाईने पदराची गाठ सोडून काच टेबलावर ठेवली आणि सगुणाचं सांगितलं.

काशीरामला वाईट वाटलं, नाही असं नाही. सगुणाला डॉक्टरकडे नेऊ, सुई टोचून घेऊ, असं तो म्हणाला. बाटल्या विठूने जरा आत नेऊन टाकायला हव्या होत्या, असंही म्हणाला. मग त्याने आतेला समजावलं की जहाजावर सगळं असंच असतं. एवढ्या माणसांचं जेवण व्हायचं, आणि उरलंसुरलं, डबे, बाटल्या, सगळं मागच्या बाजूने दर्यात. इतक्या वर्षांत त्यातलं काही कधी पुन्हा नजरेस पडलं नाही. दर्याचं पोट मोठं असतं.

"दर्याचं पोट मोठं नाय रे," येसूबाई म्हणाली. "तुझं जहाज पुढं जायचं, म्हणून तुला दिसायचं नाय. मागे ज्यांच्या दारात ते लागत असेल, त्यांनी तुला शिव्याच घातल्या असतील. आता तुझं हॉटेल कुठं चाललंय, सांग मला? काल जिथं होतं तिथंच आज हाय. ओहोटीनं नेलेलं भरती परत आणून टाकते."

"आते, हॉटेल म्हटलं की कचरा आलाच."

"कचरा आला. तो सगुणाच्या पायात का आला?"

काशीराम हसला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या हाताखाली वाडीतली बरीच माणसं कामाला होती, आणि माणसं हाताखाली आली की ऐकायची सवय सुटते. तो म्हणाला, "बरं, सगळ्या बायकांना मी रबरी चपला घेऊन देतो. मग तर झालं?"

"मेल्या, चपला घालून तिसरी लागते काय पायाला? तुझ्या टेबलावर जी साहेब लोक बोटं चाटत खातात, ती काढते कोण आणि कशी, एवढं तरी माहीत असू दे." येसूबाई उठली. सरबत तिने घेतलं नाही.

पाऊस सुरू झाला. काशीरामने कबूल केलेला डॉक्टर बोलण्यातच राहिला, आणि सगुणाची जखम भरायचं नाव घेईना. तिने घरी बसायला हवं होतं, पण विठूच्या पगारात घर भागत नव्हतं, म्हणून ती भात लावायला चिखलात उतरली. विठूला वाटत होतं की काशीरामकडे जाऊन सांगावं, "हे काम मी करणार नाही." पण गिरणीत एकदा हाताची घडी घालून बसल्याचं फळ त्याने पाहिलं होतं. रोज संध्याकाळी तो टोपली उचलायचा, खाडीत रिकामी करायचा आणि घरी येऊन बायकोच्या पायाला फडकं बांधायचा. ह्या दोन कामांच्या मध्ये त्याच्या मनाचं काय होत असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

आषाढ अखेरीला पाय काळा पडला. सिव्हिल हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की अंगठा आणि शेजारचं बोट काढलं नाही तर पाय जाईल. दोन्ही काढली. सगुणा घरी आली तेव्हा तिने पहिली गोष्ट कोणती केली असेल? अंगणातल्या ओल्या मातीत तिने पाय ठेवून पाहिला, आणि मग तिसऱ्यांची टोपली माळ्यावर टाकायला सांगितली.

नारळी पौर्णिमा उजाडली. दुपार कलल्यावर वाडी नटूनथटून खाडीकडे निघाली. ढोल, ताशे, पोरींच्या केसांत अबोलीचे वळेसर. आमच्या वाडीत नारळ काठावरून फेकत नाहीत. मानकऱ्याने अनवाणी पाण्यात उतरायचं, मांडीभर पाण्यापर्यंत चालत जायचं आणि लेकराला पाळण्यात ठेवावं तसा नारळ ओहोटीच्या पाण्यावर ठेवायचा. ती जुनी जागा 'दर्याराज'च्या अगदी पाठीमागे होती.

नारळ येसूबाईच्या हातात होता. घरातल्या वडील बाईने तो मानकऱ्याच्या हातात द्यायचा, अशी रीत. काशीरामने रेशमी सदरा घातला होता, चपला काढल्या, आणि हात पुढे केले. येसूबाईने नारळ दिला नाही.

"आधी पाण्यात उतर," ती म्हणाली. "मग देते."

ढोल थांबला. केरू तांडेल पुढे झाला. सणाच्या दिवशी बाईमाणसाने खोडा घालू नये, ओहोटी निघून जाईल, असं तो समजुतीने सांगू लागला. येसूबाईने त्याला हाताने बाजूला केलं. तिचा आवाज चढला नव्हता, पण तो सगळ्यांना ऐकू येत होता.

"नारळ कशाला देतात पाण्याला? आमच्या माणसांना सांभाळ म्हणून. वर्षातून एकदा नारळ द्यायचा, आणि बाकीचे दिवस काय देतोस ते तुला ठाऊक हाय. मी कोण तुला अडवणार? सगुणा जिथं रोज उतरायची तिथं उतर. तुझा मान तिथंच हाय."

काशीरामचं तोंड लाल झालं. "आते, चार माणसांत माझी लाज काढतेस? ह्या वाडीतल्या किती चुली माझ्यामुळे पेटतात, विचार ह्यांना. विचार विठूला."

आणि तेव्हा विठू बोलला. इतके दिवस ज्याच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता तो विठू, सगुणाला आधार देत उभा होता तिथूनच बोलला.

"काशीरामदादा, त्या बाटल्या मी टाकल्यात. माझ्या ह्या हातांनी. आणि माझ्याच बायकोची बोटं गेली. पगार तुम्ही दिलात, मी घेतला. आता तुम्ही उतरा पाण्यात. मी पण बघतो."

काशीराम तरातरा पुढे गेला. पाणी पावसाने गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. त्याने उजवा पाय उचलला. आणि तो तसाच राहिला!

त्याला पाय टेकवता येईना. त्या गढूळ पाण्याखाली काय आहे, हे साऱ्या वाडीत त्याच्या आणि विठूइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. दिवाळीपासूनच्या सगळ्या बाटल्या तिथे होत्या. ज्याने जगातले समुद्र पालथे घातले, तो आपल्या बापाच्या खाडीत, घोट्याएवढ्या पाण्यात पाऊल टाकायला भ्याला. तो भ्याला हे सगळ्यांनी पाहिलं. पोरांनी पाहिलं, बायकांनी पाहिलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

त्याने पाय मागे घेतला. सगुणाच्या पायाला बांधलेल्या फडक्याकडे तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होता. मग त्याने हात जोडले, नारळाला की सगुणाला ते कळलं नाही.

"यंदा नारळ माझ्या हातून नको, आते," तो म्हणाला. "माझा हात ह्या लायकीचा नाय."

नारळ केरूने होडीतून नेऊन सोडला.

दुसऱ्या दिवशी 'दर्याराज' बंद होतं. ओहोटी लागली तेव्हा काशीराम जाड बूट घालून, दाताळं घेऊन चिखलात उतरला. विठू त्याच्याबरोबर गेला, मग आणखी पुरुष गेले. कित्येक ओहोट्या ते काम चाललं. जे बाहेर निघालं त्याचा ढीग काशीरामने हॉटेलच्या मागे नाही, पुढच्या दारात रचला आणि गणपतीपर्यंत तसाच ठेवला. साहेब लोकांनी नाकं मुरडली. "हे काय काशीराम, जेवायला आलोय आम्ही!" तो सांगायचा, "साहेब, हे तुमचंच हाय. तुम्ही प्यायलात, मी टाकलं." काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच.

त्यानंतर बाटल्या पेटाऱ्यांत भरून माल आणणाऱ्या त्याच टेम्पोने परत जाऊ लागल्या. शेंगदाणे पानाच्या द्रोणात आले. ते द्रोण वाडीतल्याच बायका टाचायच्या. खरकटं आणि माशांची आतडी माडांच्या आळ्यात पुरली जायची, आणि भांडी घासलेलं पाणी खड्ड्यातून केळींना. ह्यात शोध लावण्यासारखं काहीच नव्हतं. आमच्या आया हेच करत होत्या. आम्ही सुधारलो आणि ते विसरलो.

मला राग येतो तो ह्याचाच. जे आपल्या डोळ्यांआड गेलं ते संपलं, असं आपण सुशिक्षित माणसं धरून चालतो. ते संपत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी पायाखाली जातं, आणि तो पाय बहुधा अनवाणी असतो. म्हणून हॉटेलात गेलात तर फरशी पाहून खूश होऊ नका. उठा, मागच्या दाराने बाहेर जा आणि तिथे काय आहे ते बघा. आपल्या घरातही तेच करा. मागची बाजू ज्याला दाखवता येत नाही, त्याने पुढच्या बाजूचा तोरा मिरवू नये.

येसूबाई पुढे चार-पाच वर्षांनी गेली. तिच्या दिवसांना काशीरामने सारी वाडी जेवायला घातली, केळीच्या पानांवर. केरू तांडेलाच्या मुलांनी होड्या विकल्या, ती पनवेलला असतात. काशीरामने नारळाचा मान पुन्हा कधी मागितला नाही. वाडीने नंतर आपण होऊन देऊ केला, तेव्हाही त्याने घेतला नाही. 'दर्याराज' त्याच्या मुलीने चालवलं आणि अजून ते चालतं. विठूने हॉटेलातलं काम सोडलं आणि पेटाऱ्यांची ने-आण करणारा टेम्पो चालवायला घेतला. म्हातारपणी तो देवळाच्या पारावर बसायचा, पण खाडीकडे तोंड करून बसलेला तो कधी कुणाला दिसला नाही.

तिसऱ्या काही वर्षांनी त्या जागी परत आल्या. सगुणाला त्या काढता आल्या नाहीत. ती बाजारात बसून दुसऱ्या बायकांनी काढलेल्या विकायची. एकदा शहरातली एक शिकलेली बाई तिच्यापाशी काशीरामचं फार कौतुक करत होती, किती बदलला, किती मोठ्या मनाचा माणूस. सगुणाने तिसऱ्यांचा वाटा तिच्या पिशवीत ओतला आणि म्हणाली, "व्हय, बदलला ना. चांगलं झालं. माझी बोटं गेल्यावर बदलला."